भिंतीकडचा काठ

४ जानेवारी

लाडक्या आत्या,

आधी गुडघ्याची चौकशी करते, म्हणजे 'कामापुरती आत्या आठवते' असं म्हणायची सोय राहणार नाही. कसा आहे गुडघा? वहिनी चालायला नेते की तू तिलाच पिटाळतेस? बरं, झाली चौकशी. आता काम.

तुझा पोहण्याचा तलाव दुरुस्त झालाय! हिरव्या फरशा घासूनपुसून लख्ख केल्यात, छताच्या काचा नव्या बसवल्यात, कपडे बदलायच्या खोल्यांची ती अर्धी अर्धी दारं मात्र तशीच ठेवलीत. लोकांसाठी उघडण्याआधी तिथे काहीतरी कर म्हणून मला बोलावलंय. नाटक म्हण, खेळ म्हण, मला अजून नाव सापडलेलं नाही. रंगमंचावरचं उचलून काठावर नेऊन ठेवायचं नाही. त्या जागेतूनच निघालेलं हवं, दुसरीकडे नेलं तर जीव सोडेल असं. तोंडाने म्हणायला सोपं आहे. गेले कित्येक दिवस मी रिकाम्या तलावाभोवती फेऱ्या घालतेय आणि डोक्यातही तसंच रिकामं आहे.

त्यात तो आवाज! काठावर उभं राहून एक वाक्य म्हटलं तर छतापर्यंत जाऊन त्याचा असा लगदा होऊन खाली येतो की माझंच मला कळत नाही. नटांची तर दाणादाण उडाली. तू तिथे जन्मभर शिकवलंस, तुझं कसं भागत होतं?

माझ्या मनात असं आहे की 'बायकांच्या वेळी' ज्या पोहायला यायच्या, म्हणजे तुझ्या हाताखालच्या त्या सगळ्या, त्यांना शोधावं आणि पाण्यात उतरवावं. मला कोणकोण ते कळव. आणि तूही ये. तुझ्याशिवाय मजा नाही.

तुझी,
भिंगरी

---

१३ जानेवारी

भिंगरे,

तुला आशीर्वाद आणि एक धपाटा. एवढ्या दिवसांनी पत्र, आणि त्यातही अर्धं पान तलावाचं कौतुक. गुडघा त्याच्या जागी आहे, कुरकुरतो. तुझी वहिनी मला रोज कोपऱ्यापर्यंत नेते आणि वाटेत तिच्याच पायांत गोळे येतात. आजकालच्या मुली!

तलावात नाटक करणार हे तुझ्या बापाला सांगितलंस का? तो बिचारा लहानपणापासून काठावर बसणारा. मी पाय धरून ओढलं तेव्हा कुठे एकदा भिजला, त्याचा राग अजून धरून आहे.

आवाजाचं विचारतेस. अगं, तिथे ओरडून काही उपयोग नसतो हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. घसा बसला आणि एकीलाही कळलं नाही. मग मी खुणा काढल्या. हात चाकूसारखा हवेत मारला की पाय ढिले पडलेत. कोपर धरून दाखवलं की कोपर आत घे. हनुवटीला बोट लावलं की तोंड वर कर, पाणी पिऊ नकोस. मूठ आवळली की थांब, नाहीतर मरशील. सगळ्या मुकाट ऐकायच्या. घरी सासूचं ऐकत नसतील एवढं माझ्या हातांचं ऐकायच्या.

उभी मात्र मी भिंतीकडच्या काठावर राहायची. बाकांच्या बाजूला कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची नणंद ताटकळत बसलेल्या असायच्या, आणि त्या सगळ्यांना पोहण्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं. भिंतीकडे एक माणूस जेमतेम उभं राहील एवढाच काठ. तिथे मला शहाणपण शिकवायला कुणी येऊ शकत नव्हतं.

नावं काय सांगू, मी कुणाला नावाने हाक मारलीच नाही. एक टायपिस्ट होती, फार नखरेल. एक नर्सबाई. जुळ्या बहिणी, पाण्यातसुद्धा भांडायच्या. आणि एक रडूबाई. ती पायरीवर बसून रडायची, पाण्यात उतरायला तिने महिने घेतले. मी पण हट्टाला पेटले. शेवटी उतरली आणि मग बाहेर निघेना. तलावासमोरच्या फळवाल्याच्या दुकानावर चिठ्ठी लाव, तो सगळ्यांना ओळखतो.

मी काही येत नाही. बसमध्ये पाय दुमडून बसवत नाही. पण माझ्या बायका बघशील तेव्हा बघत राहशील, सांगून ठेवते. बाण सुटल्यासारख्या सरळ जायच्या. मी जन्मात फार काही केलं नाही गं. संसार केला तो सगळेच करतात. हे एक मात्र नीट केलं.

तुझी,
आत्या

---

२ फेब्रुवारी

आत्या, आत्या, आत्या!

मिळालं! नाटक मिळालं, आणि ते तू केलेलं आहेस!

पहिल्यापासून सांगते. फळवाल्याकडे चिठ्ठी लावली आणि बायका येतच गेल्या. टायपिस्ट आली, अजून नखरेल आहे, टोपीवर फूल. नर्सबाई आली. जुळ्या वेगवेगळ्या दारांनी आल्या, कारण सध्या अबोला आहे. रडूबाई आता आजी झालीय, ती सगळ्यांत आधी येऊन पायरीवर बसली होती. माझी आजी शोभतील अशा बायका, आणि पाण्यात उतरल्यावर बघते तर काय, सरसर निघाल्या.

पहिल्यांदा मला वाटलं, डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून मान वळवतायत. दर हाताला मान उजवीकडे. एकीची नाही, सगळ्यांची! टोकाला पोचल्या, वळल्या, परत निघाल्या, तर आता डावीकडे. म्हणजे जाताना येताना दोन्ही वेळा भिंतीकडेच! मी धावत जाऊन भिंत बघून आले. भिंतीवर काही नाही. साध्या फरशा. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं, तिथे तू आहेस! त्या तुझ्या खुणा बघतायत! इतकी वर्षं झाली, काठावर कुणी नाही, तरी बघतायत.

इथला नवा प्रशिक्षक पोरगा चांगला आहे, पण तो पोट धरून हसला. म्हणाला, "ही चूक एवढ्या जणींना एकदम कुणी शिकवली?" मी म्हटलं, "माझ्या आत्याने!" आणि मी अशी नाचले की पाण्यात पडता पडता वाचले.

आता एक शब्दही नको. नट घरी पाठवले. प्रेक्षक बाकांवर बसतील, बायका पोहतील आणि सगळ्या एकदम माना वळवतील. बस्स, एवढंच. जाहिरात उद्या छापायला जातेय. त्यात तुझं नाव मोठ्या अक्षरांत घालू ना?

तुझी वेडी,
भिंगरी

---

१० फेब्रुवारी

भिंगरीस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

मान वळली की खांदा फिरतो. खांदा फिरला की अंग तिरकं होतं आणि दम दुप्पट लागतो. पोहायला शिकवणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायची असते. म्हणजे मी जन्मभर बायकांना वाकडं पोहायला शिकवलं आणि मला पत्ताच नाही. आणि तू ते तिकीट लावून चारचौघांना दाखवणार.

त्या मुलाला सांग, त्यांना सरळ कर. जमत नसेल तर दुसरं नाटक बघ. माझं नाव कुठेही घालायचं नाही.

तुझ्यावर रागावलेली नाही. उगाच पत्रांवर पत्रं पाठवू नकोस.

आत्या

---

२४ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आल्यापासूनचं हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा रागावलेली नाहीस म्हणतेस ते मी मानत नाही.

मी शुद्ध गाढव आहे. मला जे दिसलं ते इतकं सुंदर होतं की ते तुला कसं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या पोराचं हसणं तर मी विनोद म्हणून लिहून पाठवलं. तू समोर असतीस तर तुझा चेहरा बघून जीभ चावली असती. पत्रात तेवढी सोय नसते.

तू सांगितलंस तसं केलं. जाहिरात थांबवली, आणि त्या पोराला बायकांना सरळ करायला सांगितलं. त्याने मन लावून शिकवलं, हसलाही नाही. टायपिस्टला जमलं, पण ती म्हणाली, "असं पोहण्यात काही राम नाही, नुसती फरशी दिसते." जुळ्यांनी एकमेकींशी बोलायला सुरुवात केली, फक्त त्याची चेष्टा करायला. नर्सबाई त्याला समजुतीने म्हणाल्या, "अरे बाळा, बघितल्याशिवाय खूण कशी दिसणार? बाईंना आमच्याशी बोलायचं असायचं, म्हणून आम्ही बघायचो. यात चुकलं काय?"

रडूबाईंनी मान सरळ धरली, चार हात मारले आणि मधेच कठड्याला जाऊन चिकटल्या. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "तिकडे बघितलं नाही की बुडतेय असं वाटतं. बाई तिकडे असतात." त्या दिवशी त्या परत पाण्यात उतरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

आता माझं ऐक. तलावाचे लोक माझ्या मागे लागलेत, जाहिरात कधी, तिकिटं कधी. मी काहीतरी थापा मारतेय. तू हो म्हटल्याशिवाय मी हे करणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी त्यांना स्पष्ट सांगेन की मला काही सुचलं नाही, आणि घरी येईन. माझं काय व्हायचं ते होवो. पण हो किंवा नाही, एकदा तोंडाने सांग. अशी गप्प बसू नकोस. तू गप्प असलीस की मला पोरकं वाटतं.

तुझी,
भिंगरी

---

३ मार्च

प्रिय भिंगरी,

मी, तुझी वहिनी. मी तुला लिहिलं हे आईंना कळलं तर माझी धडगत नाही, तेव्हा हे वाचून फाडून टाक.

आई तुझ्या पत्रांवर काही बोलत नाहीत, पण तिन्ही पत्रं उशीखाली आहेत. परवा मी खोलीत गेले तर खुर्चीत बसून हवेत हात मारत होत्या, एकदा असा, एकदा तसा. मी विचारलं तर म्हणाल्या, माशी होती. खिडक्या बंद, माशी कुठून येणार?

काल जेवताना एकदम म्हणाल्या, "मला दिसलं कसं नाही गं?" मी म्हटलं, काय? तर "काही नाही, मीठ दे." मीठ दिलं तर घेतलं नाही.

मला तुमच्या नाटकातलं काही कळत नाही. पण इतक्या वर्षांत त्यांना कुणी कशाला परवानगी मागितल्याचं मी पाहिलं नाही. आम्ही सगळे त्यांना नुसतं सांगतो, आज हे औषध, उद्या तो डॉक्टर. तू विचारते आहेस. विचारत राहा.

तुझी,
वहिनी

---

१२ मार्च

भिंगरे,

कर.

पाणी कोमट ठेवायचं, त्यांची वयं झाली. टायपिस्टला पुढे ठेवू नकोस, तिला कुणी बघतंय कळलं की ती हात विसरते. जुळ्यांना दोन टोकांना ठेव, बोलायला लागल्या असतील तर जास्तच लांब ठेव. बाहेर आल्यावर लगेच अंगावर जाड पंचे द्यायचे. आणि बाकांवरून कुणी हसलं तर त्याला कानाला धरून बाहेर काढ, मग तो कितीही मोठा असो.

हो का म्हटलं ते सांगते. तुझ्या नाटकासाठी नाही. रडूबाई घरी बसली म्हणून. ती बाई पाण्यात उतरावी म्हणून मी किती दिवस त्या पायरीवर तिच्या शेजारी बसले होते! आता माझ्या नाकासाठी तिला बाहेर काढू? तिला बोलावून आण. म्हणावं, बाईंनी सांगितलंय, हवं तिकडे बघ.

मी येणार नाही. आपलीच चूक बघायला बसचे धक्के खात कोण येतं? त्याचा आग्रह नको.

पोरकं वाटतं म्हणे. घोडी झालीस तरी अक्कल नाही.

तुझी,
आत्या

---

३० मार्च

आत्या,

झाला गं पहिला प्रयोग!

कुणी हसलं नाही. मी दाराशी उभी होते, कान उपटायला तयार. बायका एकेक करून अर्ध्या दारांमागून बाहेर आल्या, पाण्यात उतरल्या आणि निघाल्या. वरून काचांतून उजेड पडत होता. कुणी काही बोलत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज. आणि त्या माना! थोड्या वेळाने बाकांवरचे लोकसुद्धा भिंतीकडे बघायला लागले. तिथे मी काही ठेवलेलं नाही. दिवा ठेवायचा विचार होता, पण नर्सबाई रागावल्या. म्हणाल्या, "बाईंच्या जागेवर सामान ठेवू नका."

रडूबाई आल्या. तुझा निरोप दिला तेव्हा दारातच माझा हात धरून उभ्या राहिल्या आणि अर्थातच रडल्या. मग पिशवी घेऊन आल्याच.

तो प्रशिक्षक पोरगा आता रोज पंचे घेऊन उभा असतो. मला म्हणाला, "माझ्याकडे माझी मुलं एकदासुद्धा अशी बघत नाहीत."

शेवटचा प्रयोग येत्या रविवारी दुपारी आहे. मी आग्रह करत नाही. फक्त कळवते. गाडी करून यायचं असेल तर वहिनीला सांग. बघ, करत नाहीये आग्रह.

तुझी,
भिंगरी

---

१० एप्रिल

भिंगरे,

घरी पोचले, गुडघा सुजलाय, वहिनी शेकतेय आणि बडबडतेय. गाडीत वाटभर झोपली होती, आता थकले थकले म्हणते.

तू त्या गडबडीत मला सतरा प्रश्न विचारलेस. न सांगता का आलीस, तिकीट काढून परक्यासारखी मागे का बसलीस, मधेच का उठलीस, आणि रडूबाईला काय सांगितलंस. तिथे सगळ्या मला गराडा घालून ओल्या अंगाने मिठ्या मारत होत्या, मी कुणाला काय उत्तर देणार? आता देते.

न सांगता आले कारण वाईट वाटलं असतं तर मुकाट परत जायचं होतं. मागे बसले कारण बाकांवर मी जन्मात कधी बसले नव्हते. ती सासवांची जागा.

तर बसले, आणि बायका आल्या. आणि मला त्यांची डोकी दिसायला लागली, मागून. टोप्या, माना, कानांच्या पाळ्या. एकीचाही चेहरा दिसेना. मला काही उमजेना, की यांना झालंय काय? यांचे चेहरे कुठे गेले? मी तर यांना चेहऱ्यांवरून ओळखते. आणि मग कळलं. अगं, मी त्या काठावर उभी असायची. मला जन्मभर त्यांचे चेहरेच दिसत होते. पोहणारी बाई म्हटलं की तिचा चेहरा आपल्याकडे असतो, असंच मला वाटायचं. ते वाकडं आहे हे मला कळणार कसं? त्या माझ्याकडे बघत होत्या, एवढंच मला दिसत होतं. तुझं ते पत्र आल्यापासून जो जीव कासावीस झाला होता ना, तो तिथे त्या बाकावर निवला.

पण मग समोरचा काठ दिसला, रिकामा. सगळ्या तिकडे बघतायत आणि तिथे कुणीच नाही. मला ते सहन झालं नाही. तुझं नाटक असेल, पण मला ते बघवेना. मी उठले. वहिनी म्हणाली, "आई, कुठे?" मी म्हटलं, "माझ्या जागेवर." तुझा तो पोरगा मला अडवायला आला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने हात पुढे केला. त्याच्या आधाराने गेले. गुणी आहे, त्याला बोल लावू नकोस.

मी काठावर उभी राहिले तेव्हा आधी टायपिस्टला दिसले. ती तोंड उघडून पाणी प्यायली. मग जुळ्या एकमेकींवर आदळल्या. तुझ्या नाटकाचं पार वाटोळं झालं, त्याबद्दल मला माफ कर. बाकांवरचे लोक उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले, तुझं तोंड तर बघण्यासारखं झालं होतं. पण माझं लक्ष नव्हतं. माझे हात आपोआप चालू झाले होते. कोपर, हनुवटी, कोपर.

रडूबाई एकटीच थांबली नाही. ती आपली हळूहळू येत होती, माझ्याकडे बघत. माझ्यासमोर आली आणि कठडा धरून राहिली. वर बघून काहीतरी म्हणाली, ते त्या गलक्यात मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. "बाई, बरोबर आहे का?"

आणि मी हात उचलला गं. इतकी वर्षं शिकवलं. ढिले पाय, वाकडं कोपर, थांब, मरशील, सगळ्याला खूण आहे. 'बरोबर आहे' याला माझ्याकडे खूणच नव्हती. मी ती कधी काढलीच नाही. एवढ्या बायका माझ्याकडे बघत बघत पोहल्या आणि मी एकीलाही ते कधी सांगितलं नाही.

मग काय करणार? गुडघा गेला खड्ड्यात म्हटलं आणि त्या ओल्या काठावर बसले. भिंतीला धरून, कण्हत, एकदाची खाली टेकले. तिच्या कानापाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "बरोबर आहे."

ती रडली, ते तू पाहिलंस. तिने जे विचारलं आणि मी जे सांगितलं ते एवढंच.

तिचे पाय अजूनही ढिलेच आहेत, भिंगरे. पण ते मी तिला सांगितलं नाही, आणि तूही सांगू नकोस.

तुझी,
आत्या